बांधावर अंडी घालणारा घोयरा सरडा : ओळख आणि घ्यावयाची काळजी

पावसाळा सरत आला की सोयाबीनची काढणी, बांधाची साफसफाई आणि रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची पेरणी अशी कामे एकामागून एक येतात. नेमक्या याच सुमारास एरवी झुडपाच्या शेंड्यावर बसणारा एक मंद चालीचा, हिरवा सरडा बांधावर, पायवाटेवर किंवा पडीक तुकड्यात जमिनीवर उतरलेला दिसतो. तो शॅमेलिऑन होय. आपल्याकडे त्याला घोयरा, घोयरा सरडा किंवा सरडगुहिरा म्हणतात. जमिनीवर उतरलेला हा प्राणी बहुधा अंडी घालण्यासाठी जागा शोधणारी मादी असते. तिला विषारी समजून काठीने मारले जाते आणि एका फटक्यात तिच्याबरोबर पोटातील सर्व अंडीही नष्ट होतात. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहणारे आमचे विद्यार्थी परत आले की या प्राण्याविषयीचे प्रश्न हमखास घेऊन येतात. म्हणून ही माहिती येथे एकत्र देत आहे.

ओळख कशी पटवावी?

बागेत, कुंपणावर तुरुतुरु पळणारा नेहमीचा सरडा वेगळा आणि घोयरा वेगळा. घोयऱ्याचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते आणि डोक्यावर टोपीसारखा उंचवटा असतो. पायाची बोटे दोन गटांत जुळलेली असल्याने पाय चिमट्यासारखे दिसतात व फांदी घट्ट धरतात. शेपटीचे तो वेटोळे करतो आणि तिचाही फांदी धरण्यास उपयोग करतो. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. जीभ शरीरापेक्षाही लांब असून तिच्या चिकट टोकाने तो किडे टिपतो. त्याची चाल डुलत डुलत, एकेक पाऊल टाकत असते.

रंग बदलणे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले वैशिष्ट्य. मात्र केवळ आजूबाजूच्या रंगात मिसळण्यासाठी तो रंग बदलतो, ही समजूत अपुरी आहे. ऊन-थंडी, भीती, राग, नर-मादीची भेट यांनुसारही रंग बदलतो. त्वचेच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची रचना असते. त्यांच्यामधील अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. मादागास्करच्या एका जातीवरील संशोधनातून २०१५ साली ही क्रिया स्पष्ट झाली.

गैरसमज दूर करा

घोयरा विषारी नाही. त्याला विषदंत नाहीत, त्याच्या फुत्काराने किंवा लाळेने कोणाला बाधा होत नाही. घाबरला म्हणजे तो अंग फुगवतो, तोंड उघडतो, काळपट पडतो आणि फूत्कार करतो. हे सर्व समोरच्याला भिववण्यासाठी असते. पळून जाण्याइतका वेग नसल्यामुळे त्याच्याजवळ दुसरा उपाय नाही.

पिकाची तो काहीही नासधूस करीत नाही. नाकतोडे, टोळ, पतंग, माश्या हे त्याचे खाद्य. एका घोयऱ्यामुळे पिकावरील कीड आटोक्यात येईल असे म्हणता येणार नाही. पण पक्षी, कोळी, बेडूक यांच्याप्रमाणे तोही बांधावरच्या कीटकभक्षक प्राण्यांपैकी एक आहे.

मादी अंड्यावर आल्याची लक्षणे

कोंबडी अंड्यावर आली की आपल्या घरातील बायाबापड्यांना ते लगेच कळते. घोयऱ्याच्या मादीची लक्षणेही अशीच सोपी आहेत.

१) पोट दोन्ही अंगांनी फुगते. दिवस भरत आले की कातडीखाली अंड्यांचे गोल उंचवटे दिसू लागतात.
२) शेवटच्या काही दिवसांत मादी खाणे कमी करते किंवा बंद करते. पाणी मात्र लागते. हे पाणी ती पानावरचे दवाचे किंवा पावसाचे थेंब चाटून घेते.
३) झुडूप सोडून ती खाली उतरते, अस्वस्थपणे फिरते आणि ठिकठिकाणी माती उकरून पाहते.

एका वेळी सर्वसाधारणपणे १० ते ३० अंडी घातली जातात. अंड्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून चिवट चामड्यासारखे असते.

वाफशाचे महत्त्व

मादी जमीन कशी निवडते हे समजून घेणे शेतकऱ्याला अवघड नाही, कारण पेरणीसाठी आपण जो वाफसा पाहतो तोच तिलाही हवा असतो. जमीन कोरडी भुसभुशीत असेल तर उकरलेले बीळ ढासळते आणि अंडी सुकतात. चिखल असेल तर मातीतील हवा संपते आणि अंडी कुजतात. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, अशी ओल योग्य होय. चामडी कवचाचे अंडे मातीतील ओलावा शोषून घेते व हळूहळू आकाराने वाढते. म्हणजे बियाणे आणि हे अंडे या दोघांचाही जमिनीवरचा भरवसा एकाच प्रकारचा आहे.

मादी पुढच्या पायांनी माती उकरते आणि तिचे अंग आत जाईल एवढे बीळ तयार करते. एखादी जागा पसंत न पडल्यास ती सोडून दुसरीकडे खणते. या कामाला काही तासांपासून एक-दोन दिवसही लागतात. अंडी घालून झाली की ती बीळ मातीने बुजवते, पायांनी माती दाबते आणि निघून जाते. अंड्यांची किंवा पिलांची राखण ती करीत नाही. त्या वेळी ती अतिशय थकलेली व कृश झालेली असते.

अंडी उबून पिले बाहेर येण्यास कित्येक महिने लागतात. हिवाळा तर मातीतच जातो. उन्हाळी नांगरटीच्या वेळीही अंडी आत असण्याची शक्यता धरून चालावे.

शेतकामात घ्यावयाची काळजी

१) खणत असलेली मादी दिसल्यास दूर राहावे. मुलांना व कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये. तिला पाहण्यासाठी गर्दी झाली तर ती खणणे अर्धवट सोडते.
२) ती जागा खुणेच्या काठीने दाखवून ठेवावी. बांधाचा तेवढा हात-दोन हात तुकडा त्या हंगामात खणू नये, त्यावर रोटाव्हेटर फिरवू नये.
३) बांधावरील गवत जाळू नये. आगीने झुडपावरचे प्राणी तर मरतातच, शिवाय वरच्या थरातील ओल उडते आणि सेंद्रिय पदार्थही जळतात. गवत कापून आच्छादनासाठी वापरावे.
४) बांधावरील बोर, करवंद, निरगुडी यांसारखी झुडपे सरसकट तोडू नयेत.
५) कीटकनाशकाची फवारणी पिकापुरतीच ठेवावी. बांधावरच्या झुडपांवर औषध उडाले तर विषबाधा झालेले किडे या प्राण्यांच्या पोटात जातात.
६) रस्ता ओलांडणारी मादी वाहनाखाली येण्याचा धोका असतो. तिच्यापुढे लांब काटकी धरावी. ती काटकीवर चढली की ज्या दिशेला निघाली होती त्याच बाजूच्या झुडपाजवळ सोडावी. शेपटीला धरून उचलू नये.

अंडी उघडी पडल्यास

नांगराच्या किंवा कुदळीच्या घावाने अंडी उघडी पडली तर काम थांबवावे. अंडी हाताळू नयेत, शक्य तर आहेत तशीच ठेवून त्यांच्यावर तीच ओलसर माती हलक्या हाताने लोटावी. अंड्यातील गर्भ काही काळाने कवचाच्या आतील बाजूला एका ठिकाणी चिकटून वाढतो. अंडे उलटेपालटे झाल्यास तो दगावू शकतो. कोंबडीची अंडी उबवताना आपण ती फिरवतो, त्याच्या नेमके उलट येथे करावयाचे आहे. त्या जागी काम टाळणे अशक्यच असेल तर जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे.

घरी पाळता येईल काय?

नाही. घोयरा सरडा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. त्याला पकडणे, मारणे, विकणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

परदेशात पाळले जाणारे शॅमेलिऑन निराळ्या जातींचे असतात. त्यांपैकी येमेन आणि नैऋत्य सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन ही जात अमेरिका व युरोपात पिंजऱ्यात वाढवली जाते. तिची मादी नर नसतानाही फलन न झालेली अंडी घालते, आणि एका वेळी ती अनेक डझन असू शकतात. त्यामुळे पाळणाऱ्यांना मादी वयात आल्यापासूनच तयारी ठेवावी लागते. पिंजऱ्यात सुमारे ३० सेंटिमीटर खोलीची ओलसर वाळू-मातीची पेटी ठेवतात, पिंजरा कापडाने झाकून मादीला एकांत देतात, खाद्यातील किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावतात आणि अतिनील किरणांचा दिवा लावतात. या किरणांशिवाय जीवनसत्त्व ड तयार होत नाही व कॅल्शियम अंगी लागत नाही. खाद्याचा अतिरेकही टाळतात, कारण अति खाद्यामुळे अंड्यांची संख्या वाढते आणि मादीवर ताण येतो.

एवढे करूनही मातीची खोली, ओल किंवा एकांत कमी पडला तर मादी अंडी रोखून धरते. अंडी अडली की ती मलूल होते, डोळे खोल जातात, दिवसाही मिटलेले राहतात. वेळीच पशुवैद्यकाचे उपचार झाले नाहीत तर ती मरते. फ्लोरिडात व हवाई बेटांपैकी माउई बेटावर सुटलेल्या या जातीने तेथे बस्तानही बसवले आहे. म्हणून हौसेखातर आणलेला परदेशी प्राणी कधीही मोकळा सोडू नये. आपल्या देशात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी जातींची नोंदणी करणे बंधनकारक आहे.

बांधावरच्या मादीला यांपैकी पेटी, दिवा, भुकटी काहीही लागत नाही. ऊन, दव, किडे आणि वाफशाची माती तिला शेतातच मिळते. मात्र जखमी किंवा फुगलेल्या पोटाने निपचित पडलेली मादी आढळल्यास तिला सावलीत, हवा खेळेल अशा खोक्यात ठेवावे, तोंडात पाणी ओतू नये आणि विनाविलंब वन विभागाला कळवावे. पोट दाबून अंडी काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

थोडक्यात, घोयरा विषारी नाही; पावसाळ्याअखेर जमिनीवर दिसला तर ती अंड्यावर आलेली मादी असण्याची शक्यता मोठी आहे; तिला एक-दोन दिवसांचा एकांत आणि बांधाचा हातभर तुकडा एवढेच हवे असते. यंदा बांध साफ करण्यापूर्वी एकदा झुडपाखाली नजर टाका आणि घरातील मुलांनाही हा प्राणी लांबून दाखवा. भीती गेली की काठी आपोआप खाली येते.