गाईच्या पोटातील लोखंड आणि दवाखान्यातील जुने यंत्र

बालाघाटाच्या पठारावरील वाशी तालुक्यात, आणि त्यास लागून असलेल्या भूम तालुक्यात, पाऊस कितीही बेभरवशाचा असला तरी खव्याची भट्टी सहसा विझत नाही. सरमकुंडी, कुंथलगिरी या बाजूस वाटेवरच्या दुकानांतून मांडलेले पेढ्यांचे ढीग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, या मुलखात प्रपंचाची जी बाजू खरीप-रब्बीच्या लहरीवर सोपविता येत नाही, ती गाई-म्हशींच्या कासेवर सोपविलेली आहे. गाईच्या सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो, हा हिशेब येथील शाळकरी पोरासही तोंडपाठ असतो. आणि म्हणूनच काल संध्याकाळपर्यंत बादली भरून देणारी गाय आज सकाळी एकाएकी निम्म्यावर आली, वैरणीस तोंड लावीना, पाठीला बाक काढून व कोपरे बाहेर फेकून कण्हत उभी राहिली, म्हणजे घरातील कर्त्या माणसाच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्यांचा उलगडा केवळ भूतदयेने होत नाही.

अशी गाय दवाखान्यात आणली, अथवा डॉक्टरांना गोठ्यावर बोलावले, की औषधांच्या पेटीतून पुष्कळदा एक धातुशोधक यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला मेटल डिटेक्टर, बाहेर निघतो. मोठ्या देवस्थानांच्या दाराशी भाविकांच्या अंगावरून जे फिरवतात, त्याच जातीचे हे हत्यार. फरक इतकाच की, येथे ते कमरेच्या चाकूचा नव्हे, तर पोटातील खिळ्याचा शोध घेते. वर्षानुवर्षे हाताळलेले हे यंत्र आता जुने झाले, ते मोडीत काढून नवे घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता मागणीपत्रावरील एका ओळीचा आहे. परंतु त्याचे उत्तर यंत्राच्या वयावरून देऊ गेल्यास ते हमखास चुकते, असे माझे मत आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी गाय खाते कशी येथपासून आरंभ करणे भाग आहे.

शेळी ओठांनी पान निवडून खाते, आणि त्यामुळे या जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी त्याच गोठ्यात, त्याच उकिरड्याशेजारी वावरूनही या संकटातून बहुधा निभावून जाते. गाईचे तसे नाही. ती जिभेचा विळखा घालून घास ओढते, जेमतेम चघळून गिळते आणि बारीक चावण्याचे काम पुढील निवांत रवंथावर ढकलते; तिच्या तोंडातील काट्यांसारख्या उंचवट्यांची टोके घशाकडे वळलेली असल्यामुळे, एकदा आत गेलेली टोकदार वस्तू बाहेर टाकणेही तिला सोपे जात नाही. त्यात कडबाकुट्टीने भर घातली आहे. पेंढीबरोबर आलेली हातभर तार गाईने कदाचित चुकवली असती. पण पात्याखाली तिचे दोन-दोन बोटांचे तुकडे झाले, म्हणजे ती वैरणीतच मिसळून जाते. घराच्या बांधकामावरून उरलेली बांधणीची तार, जाळलेल्या टायरमधील पोलादी तारा, पत्र्याच्या शेडचे खिळे, गोधडीची सुई, सारे याच वाटेने पोटात उतरते. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत मराठवाड्यातील जनावरे चारा छावण्यांत उभी होती आणि कोठकोठल्या गावचे वाढे व कडबा ट्रकांतून येऊन त्यांच्यापुढे पडत होता. अशा चाऱ्यासोबत काय येते आणि काय नाही, याचा पंचनामा कोण करणार?

गिळलेले लोखंड जड असल्यामुळे कोठीपोटाच्या पुढील बाजूस असलेल्या जाळीपोटात येऊन बसते. या पोटाच्या आतल्या अस्तरावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरे असतात आणि त्यांत तार अडकते. पोट आकुंचन पावले की तिचे टोक भिंतीत रुतते. जाळीपोटापुढे श्वासपटल, आणि श्वासपटलापलीकडे, काही बोटांच्या अंतरावर, हृदय. गाभण गाईचे गर्भाशय शेवटच्या महिन्यांत पोटाचा ऐवज पुढे रेटते आणि विताना ती कळा देते, तेव्हा इतके दिवस निमूट पडून राहिलेला खिळा पुढे सरकण्याचा संभव वाढतो. म्हणून ऐन दुधाच्या हंगामातच हे दुखणे अनेकदा उपटते. हृदयाच्या आवरणापर्यंत टोक पोहोचले, की मानेची शीर दोरीसारखी तट्ट फुगते, गळ्याखालच्या पोळीत सूज उतरते, आणि तेथून पुढे उपचाराची आशा फारच थोडी उरते. बालाघाटाच्या चढ-उतारांवर गुरे राखणाऱ्यास एक खूण ठाऊक असावी: असे जनावर चढ कसाबसा चढते, पण उतारावर पाऊल टाकण्यास नाखूष असते, कारण उतरताना पोटाचा सारा भार त्या दुखऱ्या जागेवर येतो.

आता यंत्राकडे वळू. या प्रकारचे एक जुने यंत्र मी जवळून पाहिले आहे. मुठीवरचे रबर केव्हाच झिजून गेलेले, त्या जागी विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. बॅटरीच्या कप्प्याचे झाकण सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या कड्याने धरून ठेवलेले. आवाजाची चकती फिरवली की प्रथम खरखर, मग एक बारीक सलग सूर. परंतु ज्यांच्या हाती ते होते, त्या डॉक्टरांस या सुरातील चढ-उतार इतके अंगवळणी पडले होते की, गाईच्या डाव्या कोपरामागे, सहाव्या ते आठव्या फासळीच्या खालच्या अंगास यंत्र धरताच, आवाज पक्का की हात हलल्यामुळे उमटलेला, हे ते क्षणात ओळखीत. नव्या यंत्राच्या किमतीत ही ओळख मिळत नाही. ती नव्याने कमवावी लागते, आणि त्या उमेदवारीच्या काळातील चुका गाईच्या वाट्यास येतात.

यंत्राची करामत तशी सरळ आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला, की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात प्रवाहाचे भोवरे उठतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उलट वेटोळ्याशी येऊन पोहोचते, आणि यंत्र वाजते. क्षेत्र जाताना विरते आणि येतानाही विरते. त्यामुळे लहान वस्तूचे वेटोळ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले तर परत येणारा संकेत निम्म्यावर नव्हे, सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. जाहिरातीत दुप्पट खोलीचे आश्वासन वाचताना हा आकडा मनाशी ठेवावा. वेटोळे मोठे केले तर खोली थोडी वाढते, पण मग बारीक सुई निसटते; एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने द्यावे लागते.

शरीरातील धातू शोधण्याची ही विद्या जन्मली तीच मुळी एका फजितीतून. 2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, आणि एक गोळी शरीरात कोठे रुतून बसली आहे हे कोणास कळेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तातडीने एक शोधकयंत्र सिद्ध करून रुग्णाच्या अंगावरून फिरवले. यंत्र निर्दोष होते. परंतु अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी आपल्या समजुतीप्रमाणे शरीराच्या उजव्या बाजूचाच तपास करू दिला, गोळी मात्र होती डावीकडे. 19 सप्टेंबर रोजी गारफिल्ड निवर्तले. आपल्याकडे आजही पुष्कळ ठिकाणी गाय तपासण्यासाठी ज्या खोड्यात उभी करतात, तो लोखंडी नळ्यांचा असतो. गळ्यात साखळी, बैल असेल तर खुरांना पत्र्या. यंत्र वाजते ते खोड्याला, आणि दूषण मिळते यंत्रास, की म्हातारे झाले, काहीही सांगू लागले. जनावर मोकळ्या जागी, दाव्याने बांधून तपासले, तर निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील.

उरलेल्या तक्रारींपैकी काही बॅटरीच्या असतात. कप्प्यातील पितळी पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो, मुठीपासून वेटोळ्यापर्यंत जाणारी तार सतत वाकून आतल्या आत तुटते, आणि यंत्र कधी बोलते, कधी मुके होते. रेडिओ दुरुस्त करणारा कोणताही कुशल कारागीर हे काम करू शकतो. म्हणून नव्या यंत्राची तजवीज करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी, असे मी सुचवतो. दोन इंची खिळा आणि बोटभर बांधणीची तार लाकडी फळीवर ठेवावी, नवी बॅटरी घालून यंत्र किती अंतरावरून वाजते ते पट्टीने मोजावे, आणि आकडे नोंदवहीत लिहून ठेवावेत. दर सहा महिन्यांनी हीच मोजणी करावी. अंतर कायम असेल तर यंत्र म्हातारे झाले हा निव्वळ प्रवाद आहे. आणि विक्रेता नवे यंत्र घेऊन आला, तर तोच खिळा, तीच तार, तीच फळी त्याच्यापुढे ठेवावी. त्याच्या माहितीपत्रकापेक्षा ही साक्ष अधिक भरवशाची.

ही परीक्षा आवश्यक ठरते याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मोठे मौजेचे आहे. बाजारात जी अद्ययावत, पडद्यावर आकडे दाखवणारी, महागडी धातुशोधक यंत्रे मिळतात, त्यांतील बरीचशी परदेशातील हौशी नाणेशोधकांसाठी घडवलेली असतात. समुद्रकिनारी किंवा नांगरलेल्या रानात जुनी नाणी हुडकणाऱ्या त्या मंडळींना गंजके खिळे म्हणजे मनस्ताप. तेव्हा लोखंड ओळखावे आणि ओळखून गप्प बसावे, अशी योजना त्या यंत्रांत मुद्दाम केलेली असते, आणि त्यांचे कौतुकही त्यासाठीच होते. आमच्या पशुवैद्यास हवा असतो तो नेमका खिळाच! निवड करण्याची ही कळ बंद करून सर्व धातूंस वाजेल अशी व्यवस्था ज्या यंत्रात नाही, ते कितीही आधुनिक असो, गोठ्यात निरुपयोगी. (नाणी हुडकण्याची हौस आपल्याकडे कोणास झालीच, तर त्याने 1878 चा निखात निधीचा कायदा आधी वाचावा, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो.)

तथापि नवे असो वा जुने, यंत्र एकच गोष्ट सांगते: येथे धातू आहे. तो जाळीपोटात निरुपद्रवी पडून आहे की भिंत भेदून गेला आहे, हे त्याला कळत नाही. कित्येक धडधाकट गाईंच्या पोटात नट-बोल्ट वर्षानुवर्षे नांदत असतात, आणि यंत्र त्यांनाही वाजते. उलट बारीक तार छातीत शिरून दूर गेली असेल, तर ते खुशाल मौन पाळते. निदान ठरते ते ताप, दुधाची एकाएकी घट, आणि डॉक्टरांच्या हातावर. खांद्यामागे पाठीच्या कण्यावर चिमटा घेतला असता निरोगी गाय पाठ खाली दाबते. पोटात टोचत असलेली गाय पाठ ताठ धरते आणि कण्हते. या परीक्षेस ना बॅटरी लागते, ना मंजुरी.

सुधारणाच करावयाची, तर ती वेगळ्या दिशेने करावी. तार कोठे आहे हे क्ष-किरणांत दिसते. पोटाच्या भिंतीस काय झाले, पू साचला काय, हृदयाभोवती पाणी आहे काय, हे सोनोग्राफीत दिसते. परंतु क्ष-किरण यंत्र म्हटले की अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आले, स्वतंत्र खोली आली, जाणकार माणूस आला. तालुक्याच्या दवाखान्याने हा संसार मांडण्यापेक्षा परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे वेळेवर जनावर पाठविणे अधिक व्यवहाराचे आहे. तेथे डाव्या कुशीवर छेद देऊन, कोठीपोट उघडून, शल्यविशारद खांद्यापर्यंत हात आत घालून जाळीपोट चाचपतो व तार बाहेर काढतो. हृदयास इजा होण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया झाली, तर गाय पुन्हा दावणीस उभी राहते. सारा प्रश्न वेळेचा आहे.

आणि याहून स्वस्त उपाय आहे तो चुंबकाचा. बोटाएवढा, गुळगुळीत कडांचा चुंबक कालवडीस ती विण्यापूर्वी तोंडावाटे दिला, की तो जाळीपोटात जाऊन जन्मभर राहतो आणि पुढे येणारे लोखंड आपल्या अंगास चिकटवून ठेवतो. पितळ किंवा तांबे त्यास दाद देत नाही हे खरे. पण गाईच्या पोटात सापडतो तो बहुतांश लोखंडाचाच माल. चुंबक दिलेल्या गाईवर मात्र धातुशोधक सदैव वाजणार, तेव्हा चुंबक दिल्याची नोंद तिच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह ठेवलीच पाहिजे. आणि नोंद हरवलीच, तर छातीपाशी होकायंत्र धरून पाहावे, चुंबक असेल तर सुई वळते.

तेव्हा वाशीसारख्या तालुक्यातील दवाखान्यास माझा अभिप्राय असा की, खिळ्याच्या परीक्षेत उतरणारे जुने यंत्र राहू द्यावे, त्याची तार व बॅटरीच्या पट्ट्या बदलून घ्याव्यात, आणि नव्या यंत्रासाठी जी रक्कम धरली असेल तिचे चुंबक घेऊन परिसरातील कालवडींना द्यावेत. यंत्र परीक्षेत नापास झाले तर अवश्य बदलावे, पण आवाजाची पातळी हाताने लावता येणारे, लोखंडास न लपवणारे साधेच घ्यावे. पशुपालकांस एवढीच विनंती की, कडबाकुट्टीच्या तोंडाशी जुन्या लाउडस्पीकरमधील एक चुंबक बांधून ठेवावा, तो आठवड्यास पुसून त्यावर काय निघाले ते पाहावे, आणि गाईने एकाएकी दूध तोडले तर घरगुती काढ्यात चार दिवस न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकीय फिरते पथक बोलवावे.