खाडीचे ज्ञान आणि खाडीचा अधिकार : कोकणातील कांदळवने व स्त्रियांचे नेतृत्व

हवामानबदलाचे जे परिणाम आता टळण्यासारखे उरलेले नाहीत, त्यांच्यासह सुरक्षित जगता यावे म्हणून समाजाला आपल्या वस्तीत, उपजीविकेत आणि व्यवस्थेत जे बदल करावे लागतात, त्यांना ‘हवामान अनुकूलन’ असे म्हणतात. किनारपट्टीवर अनुकूलन म्हणजे दगडी बंधारा, असे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. परिसंस्थांचे रक्षण व पुनरुज्जीवन करून माणसाचे आणि जैवविविधतेचे हित एकत्र साधणाऱ्या ‘निसर्गाधारित उपायां’ची संकल्पना त्यानंतर पुढे आली आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने तिची व्याख्या स्वीकारली. अशा उपायांचा टिकाऊपणा खाडीवर जगणाऱ्या स्त्रियांच्या हाती किती निर्णयाधिकार येतो यावर अवलंबून असतो, हे सिंधुदुर्गाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कांदळवन म्हणजे भरती-ओहोटीच्या टापूत, खाऱ्या चिखलात वाढणारे जंगल. कांदळाची कमानदार आधारमुळे आणि तिवर व चिप्पी यांची चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळे पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिलांना आसरा देतात. शंभर मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांपर्यंत घटते, असे विविध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून आढळले आहे. मोठ्या चक्रीवादळात उसळणारे समुद्राचे पाणी रोखण्यास अरुंद पट्टा पुरत नाही, हेही तितकेच खरे. परंतु जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या वादळांनंतर कोकणाला उपलब्ध असलेले प्रत्येक नैसर्गिक कवच जपणे अपरिहार्य झाले आहे.

या कवचाशी स्त्रियांचा संबंध रोजच्या श्रमाचा आहे. पुरुष होडी घेऊन समुद्रात जात असताना मासळी निवडणे, सुकवणे व बाजारात विकणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांकडे असतात, तसेच ओहोटीच्या वेळी खडकांवरची कालवे काढणे आणि चिखलातल्या तिसऱ्या वेचणेही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतील सर्वांत कमी फरकाचा काळ, यांवर हे काम बेतलेले असल्यामुळे पाणी कोठे तुंबते, गाळ कोठे साचतो आणि शिंपले कोठून नाहीसे झाले, हे त्यांना आधी कळते.

या ज्ञानाला उत्पन्नाची जोड देण्याचे काम सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यातील ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने केले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या पाठबळाने या गटाने २०१७ मध्ये मांडवी खाडीत कांदळवन सफर सुरू केली. तीत स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना वनस्पती व पक्ष्यांची माहिती देतात. उभे जंगल उत्पन्न देऊ लागले, की त्याची तोड हे गटाचे प्रत्यक्ष नुकसान ठरते आणि राखण आपोआप गावाची होते. राज्याच्या वन विभागाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०१७ पासून खेकडापालन, कालवपालन व शोभिवंत मत्स्यपालन यांसाठी किनारी गावांतील गटांना साहाय्य देणारी उपजीविका योजना राबवली; २०१८ मध्ये हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी मोठा प्रकल्प मंजूर केला.

मात्र लागवडीचे आकडे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. भरतीचे पाणी अडलेल्या किंवा सतत बुडालेल्या जागी लावलेली रोपे मरतात. म्हणून आधी पाण्याची वाट मोकळी करावी लागते आणि ती वाट स्त्रियांना ठाऊक असते. पर्यटनालाही मर्यादा आहेत, कारण पावसाळ्यात सफर थांबते आणि महासाथीसारख्या काळात उत्पन्न पूर्ण बंद होते. त्यामुळे एकाच व्यवसायावर विसंबणारा गट संकटात अधिक असुरक्षित होतो.

सर्वांत मोठी उणीव मान्यतेची आहे. नुकसानभरपाईचा हिशेब होडी व जाळ्यांभोवती फिरत राहिला, तर होडीविना खाडीवर जगणारी स्त्री त्यातून सुटते. कालवे व शिंपले वेचणाऱ्या स्त्रियांची मच्छीमार म्हणून नोंद, त्यांच्या वहिवाटीच्या जागांचे नकाशे आणि गावाच्या कांदळवन समित्यांमध्ये खर्चावर मत देण्याचा अधिकार, या तीन गोष्टी प्रकल्पाच्या आरंभीच निश्चित व्हायला हव्यात. एरवी ‘सहभाग’ या नावाखाली स्त्रियांचे श्रम तेवढे घेतले जातील आणि निधी संपताच किनाऱ्याचे रक्षणही थांबेल.