कोकणात जायला मे महिन्याचीच वाट कशाला?

लीव्ह अ‍ॅप्लिकेशनवर कारण काहीही लिहा, मे महिन्यात अर्ध्या ऑफिसचं डेस्टिनेशन एकच असतं. कोकण! मग गाड्यांचं बुकिंग फुल्ल, हायवे जाम आणि अलिबागपासून तारकर्लीपर्यंत सगळ्या किनाऱ्यांवर दादरच्या प्लॅटफॉर्मसारखी गर्दी. फ्रीलान्सिंगचा एक मोठ्ठा फायदा म्हणजे मला सुट्टी मे महिन्यातच घ्यावी लागत नाही. गेली काही वर्षं मी शिमग्यापासून मृगापर्यंत जमेल तेव्हा किनाऱ्यावर जातेय. माझं ठाम मत झालंय, की हा एक सीझन नाहीच, तीन वेगवेगळे सीझन आहेत. आपल्याला कोणता हवाय, ते आधी ठरवायचं आणि मगच सॅक भरायची.

मार्च तापतो, मे चिकटतो

किनाऱ्यावरचा सर्वांत तापलेला दिवस बऱ्याचदा मार्चमध्ये येतो. मुंबईत 41.7 अंश हे तापमान नोंदलं गेलं ते 28 मार्च 1956 रोजी, मे महिन्यात नव्हे! त्याचं कारण आहे वारा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि समुद्रावरून गार, खारे वारे आत येतात. मार्चमध्ये मात्र कधीकधी जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे दुपारपर्यंत दम धरतात. खारे वारे उशिरा आले, की पारा चढलाच म्हणून समजा.

मेमध्ये हे वारे नियमित असतात, त्यामुळे पारा 33-34 च्या आसपास राहतो. पण हवेत इतका दमटपणा असतो, की घाम वाळतच नाही आणि रात्रीही सुटका नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांनंतर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं आणि किनाऱ्यावर 37 अंशांनंतरच. थोडक्यात काय, तर आकडा कमी दिसला म्हणून दुपारी दोन वाजता किल्ला चढायला जाऊ नका.

पहिला सीझन : पालख्या आणि पिल्लं

फाल्गुनात कोकणातलं देऊळ घरोघरी येतं! रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवली जाते, गुहागरकडे संकासुर भेटतो आणि मुंबईचे चाकरमानी बॉसशी भांडून गावी पोचतात. आपण पाहुणे असतो, त्यामुळे कॅमेरा काढण्याआधी विचारायचं, एवढं पथ्य पाळलंत तर आग्रहाने जेवायला बसवतील.

याच दिवसांत मंडणगड तालुक्यातलं वेळास गाठा. नाना फडणवीसांचं हे गाव आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे काम सुरू केलं आणि गावकरी त्यात उतरले. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. ती कुंपणात जपली जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. गंमत म्हणजे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. जास्त ऊब मिळाली, की माद्या जास्त. फ्लॅश मारायचा नाही आणि हात लावायचा नाही. ठरल्या वेळी पिल्लं निघालीच नाहीत तर चिडचिड तर अजिबात करायची नाही!

दुसरा सीझन : ताटातला

एप्रिल हा खवय्यांचा महिना. ओल्या काजूची उसळ मेपर्यंत थांबत नाही, ती आधीच गाठायची. मग कुयरीची भाजी, कैरीचं पन्हं, करवंदं आणि पिवळाधम्मक हापूस. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पेटी घेताना ती कुठल्या बागेतली आहे, हे जरूर विचारा. मे उजाडला, की अंगणात आमसुलं वाळत पडतात आणि फणसपोळीचा घमघमाट सुटतो.

तिसरा सीझन : मे आणि भरतीचं गणित

मेमध्येच जायचंय? जरूर जा, पण समुद्राचं वेळापत्रक बघून. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक भन्नाट फंडा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी त्या मानाने शांत. अर्थात हा अंदाज आहे, पाण्यात उतरण्याआधी स्थानिकांना विचारायचंच.

समुद्र आत खेचायला लागला, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर या. आणि बोटीत लाइफ जॅकेट हवंच हवं. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. त्यामुळे जास्त माणसं कोंबलेली बोट सरळ सोडून द्यायची, पैसे बुडाले तरी चालतील.

महिनाअखेर समुद्र खवळू लागतो. शेवटच्या आठवड्याच्या सुमारास वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्यांच्या होड्या बंद होतात. 1 जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारीही थांबते. हा माशांचा विणीचा काळ असतो, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. पाऊसही आता तारखेला बांधलेला नाही. 2025 मध्ये मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजीच दाखल झाला आणि शेवटच्या वीकेंडचे बेत वाहून गेले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

मालवणात मी ज्या काकूंकडे उतरते, त्यांच्या चार खोल्यांवर घराचं वर्षभराचं बरंच गणित असतं. मेमध्ये खोल्यांसाठी भांडणं, विहिरीचं पाणी खाली गेलेलं आणि मार्चमध्ये त्याच खोल्या रिकाम्या! आपण थोडे पांगलो, तर त्यांचे दोन महिने चार होतील आणि आपल्याला खिडकीतून समुद्र दिसणारी खोली मिळेल. तेव्हा पुढच्या वर्षी लीव्ह टाकताना आधी कॅलेंडरवर शिमगा कधी आहे ते बघा. मे कुठे पळून जात नाही!