डाय किती दिला, नोंद कुठे?

सीटी स्कॅनच्या आधी शिरेतून जो ‘डाय’ देतात, तो पाण्यासारखा पारदर्शक, किंचित चिकट असतो. त्यातले आयोडीन एक्स-रे अडवते, म्हणून रक्तवाहिन्या उजळ दिसतात. या गुणाचा असा उपयोग करता येईल, याचा सुगावा १९२३ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये लागला. तिथे गुप्तरोगावर सोडियम आयोडाइड घेणाऱ्यांचे मूत्राशय एक्स-रेत स्पष्ट दिसले होते.

आज डाय शिरेत सोडण्याचे काम इंजेक्टर नावाचे यंत्र करते. त्याच्या एका सिरिंजमध्ये डाय, दुसरीत सलाइन. सेकंदाला तीन-चार मिलीलिटर वेगाने औषध आत जाते आणि अंगभर गरम लाट आल्यासारखे वाटते. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे दाब चढला तर यंत्र आवरते घेते. नव्या यंत्रांचे सॉफ्टवेअर मात्रा, वेग, दाब टिपून थेट स्कॅनला जोडते. बाटलीचा बारकोड वाचला की बॅच क्रमांकही चढतो. रजिस्टरात घाईघाईत हाताने आकडा लिहिण्यापेक्षा हे कधीही बरे!

या नोंदीचा खरा उपयोग पुढे. समजा, जालन्यात स्कॅन झाला आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णाला छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवून अँजिओग्राफी करायची ठरली. म्हणजे पुन्हा डाय. डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो; ते आधीच अशक्त असेल, तर आदल्या दिवशीचा आकडा डॉक्टरांना हवाच. दोन रुग्णालयांची सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नसतील, तर तो कागदावरच न्यावा लागतो.

तेव्हा स्कॅननंतर डायचे नाव, मात्रा आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा रिपोर्टवर लिहून मागा. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी डायने पुरळ उठले असेल, तर आधीच सांगा.