एकसारखे दिसणारे रातकिडे वेगळे कसे ओळखायचे?

आखाडा बाळापूरच्या शिवारात पावसाळी रात्री जो आवाज भरून राहतो, त्याला आपण सरसकट रातकिड्यांची किरकिर म्हणतो. पण शेतातल्या आखाड्यावर बाजेवर पडून थोडा वेळ नीट कान दिला, तर त्या किरकिरीतले आवाज सुटे होऊ लागतात. सोयाबीनच्या धुऱ्यावरून तुटक क्री-क्री-क्री येते. घराच्या जोत्याच्या फटीतून त्याहून उंच पट्टीतला बारीक आवाज येतो. झुडपांतून सलग सूर निघतो, आणि पाटाच्या ओल्या मातीतून खालच्या पट्टीतली घरघर. हे आवाज वेगवेगळ्या कीटकांचे आहेत, हे कुणाच्याही कानाला कळते.

खरी कसोटी पुढे आहे. धुऱ्यावरचा एकच दगड उलटला आणि त्याखाली दोन काळसर रातकिडे निघाले, तर ते एकाच प्रजातीचे की दोन, हे कसे ठरवायचे? कीटकशास्त्रज्ञ हे काम ज्या क्रमाने करतात, त्याच क्रमाने पाहू.

आधी तो रातकिडाच आहे ना?

नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात, रातकिड्याच्या अंगापेक्षाही लांब आणि धाग्याइतक्या बारीक. हिरवे, पानासारखे दिसणारे लांब मिशांचे कीटक रातकिड्यांचे नातेवाईक खरे, पण त्यांच्या पाऊलभागाला चार सांधे असतात, रातकिड्याच्या पाऊलभागाला तीन. शिवाय रातकिड्याचा उजवा पंख डाव्यावर मिटलेला असतो, त्या हिरव्या कीटकांत बहुधा डावा उजव्यावर. झाडाच्या खोडावर बसून दिवसा आणि तिन्हीसांजेला कर्कश ओरडणारा सिकाडा तर वेगळ्याच गणातला. तो पंखांनी वाजवत नाही, त्याच्या पोटाच्या बाजूला आवाजाचे पडदे असतात.

मग नर की मादी ते पाहायचे. दोघांच्याही मागे दोन लवचीक शेपट्या असतात. मादीला त्यांच्या मधोमध भाल्यासारखी ताठ अंडनलिका असते, ती जमिनीत खुपसून ती अंडी घालते. इथे नवखा माणूस हमखास फसतो: लांब पंखांच्या रातकिड्याचे मिटलेले मागचे पंखही शेपटीसारखे बाहेर डोकावतात. म्हणून नुसत्या शेपट्या मोजून भागत नाही. पुढच्या पंखावर शिरांची गुंतागुंतीची नक्षी असेल तर नर. सरळ, साध्या जाळीचा पंख आणि मधली ताठ नळी असेल तर मादी. हा भेद आधी करायचा, कारण पुढची बहुतेक लक्षणे नरातच वाचता येतात.

भिंगाखाली काय दिसते?

सोप्या ओळखी आधी घेऊ. ग्रिलस बायमॅक्युलेटस हा भारतभर पसरलेला शेतातला रातकिडा. अंग काळेभोर, तुकतुकीत, लांबी अडीच ते तीन सेंटिमीटर, आणि पुढच्या पंखांच्या मुळाशी दोन ठसठशीत पिवळे डाग. द गेअर या स्वीडिश अभ्यासकाने १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. घरात चुलीमागे, मोरीजवळ राहणारा ग्रिलोड्स सिगिलेटस फिकट, चपटा असतो आणि अंगावर गडद आडवे पट्टे असतात. त्याच्या नराचे पंख अर्धेच पोट झाकतात, मादीला तर पंखांचे नुसते खुंट. घरातच भेटणारा अकेटा डोमेस्टिकस पिवळट तपकिरी, डोक्यावर गडद आडव्या पट्ट्या आणि पंख पूर्ण वाढलेले. लोक्सोब्लेमस गटातल्या नराचा चेहरा समोरून कापल्यासारखा सपाट असतो. झाडावरचे ओएकँथस मात्र बारीक, फिकट हिरवट, जवळजवळ पारदर्शक पंखांचे.

गाडी अडते ती टेलिओग्रिलस या गटाशी. तपकिरी अंग, डोळ्यांच्या वरच्या कडेने भुवईसारखी फिकट पट्टी, आणि आकार ग्रिलसच्या जवळपास. या गटातल्या मायट्रेटस आणि ऑक्सिपिटॅलिस या दोन प्रजाती भारतात आहेत. दोघांची नावे १८३८ या एकाच वर्षी दिली गेली, मायट्रेटसला बुरमायस्टरने, ऑक्सिपिटॅलिसला सेरविलने. संग्रहालयांतल्या पेट्यांत या दोघांची सरमिसळ होणे सहज शक्य होते. रंजना जयस्वारा, पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातल्या लोर देसुतर-ग्रांकोला आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या या दोन प्रजातींचा फेरआढावा प्रसिद्ध केला आणि देशातल्या टेलिओग्रिलस प्रजाती ओळखण्याची चावी तयार करून दिली. चावी म्हणजे दोन-दोन पर्यायांच्या प्रश्नांची मालिका: हे लक्षण असेल तर या वाटेने जा, नसेल तर त्या वाटेने. शेवटच्या उत्तरापाशी नाव मिळते.

अशा चाव्यांमध्ये डोक्याचा रंग आणि आकार, पुढच्या पायाच्या नडगीवर असलेल्या कानाच्या पडद्याचे आकारमान, मागच्या नडगीवरच्या काट्यांची संख्या आणि नराच्या पंखावरच्या शिरांची मांडणी अशी लक्षणे विचारलेली असतात.

दिसणे कुठे फसवते?

एकाच आईची पिल्ले चारा-पाणी आणि गर्दी यांप्रमाणे लांब पंखांची किंवा आखूड पंखांची निघू शकतात. नुकताच कात टाकलेला रातकिडा पांढुरका असतो, काही तासांत काळा होतो. पिल्ले कात टाकत टाकत मोठी होतात, आणि पूर्ण पंख येईपर्यंत चावीतली निम्मी लक्षणे त्यांच्यात नसतातच. म्हणजे वेगळे दिसणारे दोघे एकाच प्रजातीचे असू शकतात.

याच्या उलटही घडते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतातले सगळे काळे रातकिडे एकाच नावाखाली घातले होते. १९५२ मध्ये बी. बी. फुल्टन यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या चार वस्त्यांचे रातकिडे एकमेकांशी जुगवून पाहिले आणि त्यांची वेगवेगळी गाणी ऐकली. ते आपसांत पैदास करत नव्हते. पुढे रिचर्ड अलेक्झांडर यांनी गाण्याच्या आधाराने हे काम वाढवले. २०१९ मध्ये डेव्हिड वाइसमन आणि डेव्हिड ग्रे यांनी अमेरिकेतल्या ग्रिलस गटाचा आढावा घेतला, तेव्हा ३५ प्रजाती मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या १७ नव्याने वर्णिलेल्या होत्या. डोळ्यांना जो एक वाटत होता, तो कानांनी वेगळा करून दिला.

आवाज कसा निघतो, कसा वाचायचा?

नराच्या उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला एक जाड शीर असते, तिच्यावर ओळीने सूक्ष्म दाते. डाव्या पंखाची कडक कड या दात्यांवरून घासते. कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढल्यावर आवाज निघतो, तसेच हे होते. पंखाचा पातळ त्रिकोणी भाग त्या कंपनाने थरथरतो आणि आवाज मोठा करतो. त्या भागाला अभ्यासक वीणा म्हणतात. पंख उघडताना आवाज जवळजवळ नसतो, मिटताना निघतो. एकदा पंख मिटला की एक ठोका. काही ठोके मिळून एक चीत्कार, आणि चीत्कारांमध्ये विसावा. ग्रिलस बायमॅक्युलेटसच्या एका चीत्कारात साधारण तीन ते पाच ठोके असतात आणि पट्टी ५ किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणून गाणे वाचताना चार गोष्टी मोजायच्या: आवाजाची पट्टी, ठोक्यांमधले अंतर, एका चीत्कारातले ठोके, आणि सेकंदाला किती चीत्कार.

कानाला ठोके सुटे ऐकू येत नाहीत, ते फार झटपट होतात. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडले की आवाजाचा आलेख पडद्यावर येतो, आणि ठोके बोट ठेवून मोजता येतात. तुलना करताना गाणे एकाच प्रकारचे हवे. नर लांबच्या मादीला बोलावतो तेव्हाचे गाणे वेगळे, मादी जवळ आल्यावरचे वेगळे आणि दुसऱ्या नराशी भांडतानाचे वेगळे. प्रजातीच्या ओळखीला उपयोगी पडते ते दूरच्या मादीला बोलावणारे गाणे.

तापमानाची नोंद नसेल तर हे आकडे निकामी होतात. रातकिड्याच्या अंगाचे तापमान हवेवर ठरते. ऊन सरून गारवा आला की ठोके संथ होतात. अमेरिकी शास्त्रज्ञ एमॉस डॉल्बेअर यांनी १८९७ मध्ये रातकिड्याच्या चीत्कारांवरून हवेचे तापमान काढण्याचे सूत्रच मांडले. म्हणून बाळापुरात सप्टेंबरच्या दमट रात्री मोजलेले गाणे डिसेंबरच्या थंडीतल्या गाण्याशी थेट ताडून पाहता येत नाही. शेतातल्या रातकिड्यांची पट्टी तापमानाने फारशी बदलत नाही, झाडावरच्या ओएकँथसची मात्र तीही बदलते.

गाण्याला एवढे वजन का?

गाणे ही माणसाने निवडलेली सोयीची खूण नाही, रातकिड्यांची स्वतःची खूण आहे. १९१३ मध्ये व्हिएन्नात योहान रेगेन यांनी नराचे गाणे टेलिफोनच्या तारेवरून ऐकवले, आणि मादी नर समोर नसताना थेट फोनच्या रिसीव्हरपाशी गेली. वास नाही, रूप नाही, नुसता आवाज पुरेसा ठरला. मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर असतात आणि तिला आपल्या प्रजातीच्या ठोक्यांची लय नेमकी कळते. ज्या लयीकडे ती जाणार नाही, त्या नराशी तिची पिल्ले होणार नाहीत. दोन प्रजातींमधली भिंत अशी रोज रात्री माद्यांच्या निवडीने उभी राहते. आपण आलेखावर तीच निवड वाचायला शिकतो.

तरीही एकटे गाणे निकाल देत नाही. अमेरिकेतले ग्रिलस व्हेलेटिस आणि ग्रिलस पेन्सिल्व्हॅनिकस हे दोघे दिसायला आणि ऐकायला जवळजवळ सारखे. पण पहिला पिल्लू म्हणून हिवाळा काढतो आणि वसंतात प्रौढ होतो. दुसरा अंड्यात हिवाळा काढतो आणि शरद ऋतूत प्रौढ होतो. अलेक्झांडर आणि बिगेलो यांनी १९६० मध्ये हे दाखवून दिले. इथे भिंत ऋतूची होती. म्हणून नोंदीत तारीख हवीच.

शरीराच्या आत आणि डीएनएत

बाहेरची लक्षणे आणि गाणे यांनंतर नराची जननांगे तपासली जातात. कोरडा नमुना ओलसर हवेत मऊ करून पोटाच्या टोकातून हा इवलासा भाग काढतात, दाहक पोटॅशच्या द्रावणात मांस विरघळवतात आणि उरलेला कठीण सांगाडा ग्लिसरीनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जवळच्या प्रजातींत या सांगाड्याचे आकार बहुधा स्पष्ट वेगळे असतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ओएकँथस या झाडावरच्या रातकिड्यांवर गाणे आणि शरीराची मोजमापे एकत्र ताडून पाहिली, आणि एकाच परिसरात राहणाऱ्या प्रजातींच्या सीमा आकडेमोडीने तपासल्या. भारतातल्या रातकिड्यांसाठी तो उत्तम नमुना आहे: एका लक्षणावर विसंबायचे नाही, अनेक लक्षणे एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहायचे.

आता डीएनएचीही मदत घेतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून तो माहीत असलेल्या नमुन्यांशी ताडतात. मादी किंवा पिल्लू हाती आले, तर हाच मार्ग जास्त उपयोगी. पण नाकतोडे-रातकिड्यांच्या गणात या जनुकाच्या जुन्या, निकामी नकला केंद्रकातल्या डीएनएत शिरलेल्या असतात. चुकून ती नकल वाचली गेली तर नसलेली प्रजाती कागदावर उभी राहते. म्हणून डीएनएचा निकालही शरीर आणि गाण्याशी जुळवून पाहावा लागतो.

बाळापूरच्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग?

हळद, सोयाबीन, कापूस, केळी या पिकांच्या मुलखात रातकिड्याकडे एकतर शत्रू म्हणून पाहतात नाहीतर पाहतच नाहीत. सगळे रातकिडे एका मापाने मोजायचे नाहीत. मातीत बोगदे काढणारा फावड्यासारख्या पायांचा रातकिडा मुळे कुरतडतो. शेतातले काही कोवळी रोपे खातात, पण तेच कुजका पाला, मेलेले कीटक आणि इतर कीटकांची अंडीही खातात. झाडावरचा फिकट ओएकँथस आणि धुऱ्यावरचा काळा ग्रिलस यांचे वागणे एक नाही. नेमका कोण आहे हे कळले तरच फवारणी हवी की नको, हे ठरवता येते.

या कामाला सुरुवात करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेतली मुले हे करू शकतात. हेडलाइट किंवा बॅटरी, झाकणाचा डबा, भिंग, साधा तापमापक आणि मोबाइल पुरेसा आहे. गाणारा नर शोधायचा, मीटरभर अंतरावरून किमान एक मिनिट आवाज घ्यायचा, मग त्याच नराला पकडून वरून, समोरून आणि बाजूने फोटो काढायचा. आवाज एकाचा आणि फोटो दुसऱ्याचा झाला तर सगळी मेहनत वाया जाते. त्यासोबत गाव, शेत की घर, पीक, तारीख, वेळ आणि तापमान लिहायचे. नमुना ठेवायचा असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून त्याच बाटलीत.

नाव तज्ज्ञ देतील. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे, आणि कीटकशास्त्रज्ञ शोपार यांचा भारतातल्या रातकिड्यांवरचा १९६९ चा ग्रंथ आजही संदर्भाला उपयोगी पडतो. नाव पुढे बदलूही शकते. बरेच भारतीय रातकिडे आधी ग्रिलस म्हणून नोंदले गेले आणि नंतर टेलिओग्रिलसमध्ये गेले. पण स्थळ, तारीख, तापमान आणि गाणे यांची खरी नोंद असेल, तर नाव कितीही वेळा बदलले तरी तो नमुना उपयोगाचाच राहतो. बाळापूरच्या धुऱ्यावर अशी नोंद करायला लागते ती पावसाळ्यातली एक रात्र आणि ऐकायची तयारी.