जुना संगणक भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० सोय बऱ्याच जुन्या संगणकांत नाही. म्हणून सीताबर्डीतला कारागीर ‘नवाच घ्या’ म्हणेल. उसाच्या बिलाचे पैसे असे घालवू नका. कारागीर स्वतः जे शिकला तेच चांगलं म्हणतो, लिनक्सवालाही त्यातलाच!

सोसायटीचा हिशेब टॅलीवर असेल तर विंडोजच ठेवावे. पोरांना टायपिंग, इंटरनेट एवढंच हवं असेल, तर त्याच जुन्या यंत्रावर फुकटचे लिनक्स बहुधा चालते, मराठी युनिकोडसकट. नुसता सातबारा पाहायचा? महाभूलेखवर पाहा, मोबाईल पुरे. लिनक्स टाकण्यापूर्वी फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. डिस्क पुसली जाऊ शकते.