धरणांची टक्केवारी आणि बेसिनचा वायसर

तलावांत किती टक्के पाणी उरले आणि कपात पाच टक्क्यांची की दहा, हे वाचकांना तोंडपाठ असते. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबईने दहा टक्के कपात सोसली. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के. उन्हाळा सरत आला की ही बातमी पहिल्या पानावर येतेच. त्या बातमीत न येणारी एक गोष्ट मात्र घराघरांत घडते: कपातीच्या दिवसांत नळ बिघडतात.

कारण साधे आहे. पुरवठा थांबला की नळवाहिन्या रिकाम्या होतात. पाणी पुन्हा सुटते तेव्हा आतला गंज आणि गाळ हलतो आणि पहिल्या लोटात खाली येतो. इमारतीच्या टाकीतली पातळी उतरली की तळाचा गाळही पाइपात शिरतो. हे बारीक खडे बेसिनच्या नळात जाऊन बसतात. जुन्या, फिरवून फिरवून बंद करायच्या नळात ते रबरी वायसर कापतात. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात रबराच्या जागी सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांच्यामध्ये वाळूचा कण अडकला की चरा पडतो. मग नळ कितीही घट्ट बंद करा, थेंब सुटतच राहतो. घरातले मोठे माणूस जोर लावून नळ पिळते, त्याने वायसर आणखी दबतो आणि गळती वाढते.

म्हणून पाणी आल्यावर पहिले लाल पाणी बेसिनच्या नळाला येऊ देऊ नये. न्हाणीघरातला, तोंडाला जाळी नसलेला खालचा नळ आधी सोडावा आणि ते पाणी बादलीत धरावे. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते चालते. पाणी गेलेले असताना नळ उघडा ठेवून झोपणे किंवा कामावर जाणे तर कटाक्षाने टाळावे. कपातीत पाणी अवेळी येते आणि वाचवायचे म्हणून राखलेले पाणी बेसिनमधून वाहून जाते.

वायसर बदलणे हे काम घरी होण्यासारखे आहे. बेसिनखाली भिंतीत जो छोटा नळ असतो, तो अँगल कॉक आधी बंद करायचा. वर्षानुवर्षे हात न लागल्याने तो बहुधा जाम झालेला असतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तो एकदा बंद-चालू करावा. बेसिनच्या भोकावर फडके ठेवावे, म्हणजे स्क्रू आत पडत नाही. मूठ काढली की खाली स्पिंडल दिसते. पान्याला कापड गुंडाळून ते सोडवले तर नळाची चकाकी खरवडली जात नाही. स्पिंडलच्या टोकाला वायसर असतो. तो कडक झाला असेल किंवा त्यावर गोल खाच पडली असेल तर बदलायचा. पाव फेऱ्याच्या नळात वायसर शोधू नये. तिथे अख्खे स्पिंडल बदलतात. नवे आणायला जाताना जुने खिशात घालून न्यावे. वरच्या दातांची संख्या आणि लांबी जुळली नाही तर मूठ बसत नाही, आणि दुकानदार नमुना पाहिल्याशिवाय नेमके देऊ शकत नाही.

इतके सोपे काम महिनोन् महिने का रखडते, याचे उत्तर मुंबईलगतच्या मीरा रोडला मिळाले. आबिद सुरती हे नाव जुन्या वाचकांना ‘धर्मयुग’ साप्ताहिकातल्या ‘डब्बूजी’ या व्यंगचित्रमालिकेमुळे आणि त्या काळच्या मुलांना ‘बहादूर’ कॉमिक्समुळे माहीत आहे. चित्रकार, कथाकार, गुजराती आणि हिंदीत भरपूर लिहिलेला हा माणूस. लहानपणी त्यांनी डोंगरीत पाण्याच्या रांगा पाहिल्या होत्या. पुढे मित्राच्या घरी गेले असताना टपकणाऱ्या नळाने त्यांना बेचैन केले. मित्राची अडचणही खरी होती. काही पैशांच्या रबरी चकतीसाठी प्लंबर जिना चढून येत नाही. मोठे काम निघाले तर येतो. सेकंदाला एक थेंब पडला तरी महिन्याला हजार लिटर पाणी जाते, असे सुरतींनी वाचले होते. २००७ मध्ये त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. नाव भारदस्त, पण संस्था म्हणजे ते स्वतः, एक प्लंबर आणि एक महिला कार्यकर्ती. दर रविवारी मीरा रोडची एखादी इमारत गाठायची, दारोदार बेल वाजवायची, गळका नळ आहे का विचारायचे आणि फुकट दुरुस्त करून द्यायचा.

पहिल्या वर्षी ते १,६६६ घरांत गेले आणि ४१४ गळके नळ त्यांनी बंद केले. म्हणजे साधारण दर चार घरांमागे एक नळ टपकत होता, तोही पाण्यासाठी टँकर मागवणाऱ्या उपनगरात. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाण्याचा निकष धरला जातो. त्या हिशेबाने हजार लिटर म्हणजे एका माणसाचे आठवडाभराचे पाणी. सुरतींचे काम देशभर गाजले, त्यांच्यावर लेख आले, चित्रफिती निघाल्या. खरे तर त्यांची नक्कल व्हायला हवी होती. प्रत्येक सोसायटी टाकी धुण्यासाठी आणि गच्चीच्या गळतीसाठी पैसे काढते. एप्रिलचा एक रविवार, एक प्लंबर आणि वायसरचा एक डबा यांना त्यापुढे किती खर्च येणार? पाणीपट्टी इमारतीच्या नावावर येते, घराच्या नाही, म्हणून एकाच्या गळतीचे पैसे सगळे भरतात. मग दुरुस्तीही सगळ्यांनी मिळून करावी, हे रास्तच आहे.

नळाच्या बाजूचे हे झाले. बेसिनची दुसरी बाजू खालची, आणि तिथे घराघरांत जो उपाय चालतो तो थांबायला हवा. तुंबले की ॲसिड.

बेसिन कशाने तुंबते ते पाहू. न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये केस, टूथपेस्ट, दाढीचा फेस. बोअरचे जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडून चिकट साका तयार होतो आणि केसांना धरून बसतो. आपल्याकडे जेवणाच्या खोलीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात आणखी एक बेसिन असते, हात धुवायचे. तिथे भाताची शिते, कढीपत्ता, मोहरी आणि वरणावरचे तूप जाते. तूप थंड पाइपात थिजते. काही घरांत मशेरी आणि सुपारीही. यातल्या केसांवर आणि सुपारीवर बाजारातले सौम्य ॲसिड फारसे काही करत नाही. नळाचा मुलामा मात्र ते खाते, बेसिनखालचा संगमरवराचा कट्टा पोखरते आणि बंद न्हाणीघरात त्याची वाफ छातीत जाते. आधी कोणी ब्लीच ओतले असेल तर ॲसिडशी मिळून विषारी क्लोरिन वायू तयार होतो. कॉस्टिक सोड्याचे दाणे ओतून काम झाले नाही म्हणून वर ॲसिड ओतले, तर मिश्रण उसळून अंगावर येते. यातले सगळ्यात वाईट पुढे आहे. तरीही पाणी उतरले नाही की प्लंबरला बोलावतात, आणि खाली वाकून नळी सोडवणाऱ्या त्या माणसाला वर काय ओतले आहे हे कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधने घातली. तरी सफाईच्या नावाखाली ते घरात सर्रास येतेच.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फसफसणारा व्हिडिओही बराच फिरतो. ही दोन्ही एकमेकांना मारतात. वायू उडून जातो आणि उरते ते मिठासारखे निरुपद्रवी पाणी. त्याने केसांचा गुंता सुटत नाही. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व उपयोगी पडते ते वेगळ्या ठिकाणी: नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढायची, कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवायची आणि जुन्या ब्रशने घासायची. पांढरा थर निघतो, धार पुन्हा सरळ पडते.

तुंबलेले बेसिन ओतून नाही, उघडून साफ करावे. खाली बॉटल ट्रॅप असेल, तर बादली ठेवून त्याची वाटी हाताने फिरवून काढायची. घाण तिथेच साचलेली असते. रबरी रिंग जपून ठेवायची, वाटी धुऊन पुन्हा हातानेच घट्ट करायची. पक्कड लावली तर प्लास्टिकचे आटे मोडतात. मग बेसिन तोंडापर्यंत भरून एकदम सोडायचे आणि प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवायचा. कागद जिथे भिजेल तिथे गळती. पाणी थेट भोकाखालून झिरपत असेल तर भोकात बसवलेले वेस्ट कपलिंग पाहावे. बेसिनला वर जादा पाण्याचे भोक असेल तर हाफ थ्रेड कपलिंग लागते आणि नसेल तर फुल थ्रेड. या दोन्हींची अदलाबदल झालेली नव्या घरांतही सापडते.

ट्रॅपच्या त्या वाटीत राहणारे बोटभर पाणी ही घाण नव्हे, ते झाकण आहे. गटाराचा वायू आणि झुरळे त्याच्यामुळे वर येत नाहीत. लंडनमधला स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये संडासासाठी असा पाणी धरणारा बाक असलेल्या नळीचे पेटंट घेतले. अडीचशे वर्षांत त्याहून भरवशाचे काही निघालेले नाही. ते पाणी आटले तर काय होते, हे मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स वसाहतीने भोगले. सार्सची लागण तिथल्या तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तपासात न्हाणीघराच्या फरशीतले कोरडे ट्रॅप सापडले. लोक फरशी पाणी ओतून धूत नव्हते, नुसती पुसत होते. एक्झॉस्ट फॅन लावला की सांडपाण्याच्या उभ्या पाइपातली हवा कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जात होती. पुढे हाँगकाँगच्या सरकारी वसाहतींत बेसिनचे पाणी फरशीच्या ट्रॅपला मिळेल, अशी रचना आणली गेली.

आपल्या जुन्या इमारतींत हे आधीपासून आहे. बेसिनची नळी फरशीतल्या जाळीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेली असते, त्यामुळे कोणी चूळ भरली तरी ट्रॅप भरलेला राहतो. दिसायला ओबडधोबड असलेली ही पद्धत शास्त्राला धरून आहे. तिच्यात फक्त नळी आणि जाळी यांच्यामधली फट रबरी अडॅप्टरने बुजवायला हवी. नव्या फ्लॅटमध्ये बेसिनची नळी भिंतीत जाते आणि न्हाणीघराचा अर्धा भाग ‘ड्राय एरिया’ म्हणून कोरडा ठेवतात. तिथल्या जाळीत महिनाभर थेंब जात नाही. ‘बाथरूम स्वच्छ आहे, तरी वास येतो’ या तक्रारीत सुगंधी गोळ्या आणण्याआधी त्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

मेच्या सुट्टीत महिनाभर गावी जाणाऱ्यांनी निघताना बेसिनचा अँगल कॉक बंद करावा, प्रत्येक जाळीत पाणी ओतावे आणि वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाच्या थराखाली पाणी सावकाश आटते. परतल्यावर घर कोंदट वाटते आणि हात आपोआप फॅनच्या बटणाकडे जातो. आधी खिडक्या उघडाव्यात, सगळ्या जाळ्यांत आणि बेसिनमध्ये पाणी सोडावे, आणि एक्झॉस्ट फॅन त्यानंतर लावावा.